नऊ भोकं, दोन जळालेले होल सॉ

पार्श्वभूमी

एका जुन्या कोठाराच्या खोलीत पाणी तपासणीची छोटी प्रयोगशाळा उभी करायची होती. गवंडीकाम आणि रंग उरकले होते, फर्निचर येऊन पडलं होतं. राहिली होती ती भोकं. हे काम यादीत नेहमी शेवटी असतं, 'बारीकसारीक फिटिंग' या नावाखाली. आमच्याही यादीत ते तसंच होतं आणि त्यासाठी मी एक दिवस धरला होता.

मोजली तेव्हा नऊ भोकं निघाली, आणि नऊही साध्या ड्रिल बिटाच्या आवाक्याबाहेरची. स्टेनलेसच्या दोन सिंकना नळासाठी ३५ मिमीचं एकेक. टेबलांच्या ३६ मिमी जाड, सनमायका लावलेल्या फळ्यांना वायरी खाली सोडायला ६० मिमीची चार. १८ मिमी प्लायवूडच्या पार्टिशनमधून एक्झॉस्टचा ११० मिमी पाइप जायचा होता, त्यासाठी ११४ मिमीचं एक. टाइल लावलेल्या विटांच्या भिंतीतून सांडपाण्याच्या पाइपला एक. आणि विजेच्या पॅनलच्या २ मिमी लोखंडी पत्र्यात आधीच असलेलं ५१ मिमीचं भोक वाढवून ६४ मिमी करायचं.

कामावर दोघं होते. एक अनुभवी फिटर, त्यांना सगळे काका म्हणतात, आणि वर्षभरापूर्वी लागलेला शिकाऊ मुलगा. देखरेख माझी. नावं देत नाही, त्यांची गरजही नाही. खाली ज्या चुका येतील त्यातली सगळ्यात महागडी चूक माझी आहे, हे मात्र आधीच सांगून टाकतो.

हत्यारं अशी होती: वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल, मिनिटाला २८०० फेऱ्यांपर्यंत जाणारं. बॅटरीवर चालणारं दोन गिअरचं ड्रिल, ज्याचा पहिला गिअर ५०० फेऱ्यांच्या वर जात नाही. आणि बायमेटल होल सॉचा डबा. होल सॉ म्हणजे काठाला दाते असलेला पोकळ कप, जो फिरवून मोठं गोल भोक कापतात. बायमेटल म्हणजे कपाचं अंग लवचिक पोलादाचं आणि त्याच्या काठाला वेल्ड केलेली दात्यांची पट्टी हायस्पीड स्टीलची. अंग लवचिक असल्यामुळे धक्का बसला तरी कप तडकत नाही, आणि दाते कडक असल्यामुळे लोखंड कापतात. चांगलं, बहुगुणी हत्यार आहे. त्याच्यावर 'सगळ्याला चालतो' असं लोक सर्रास म्हणतात, आणि गडबड तिथेच होते. चालतो खरा, पण प्रत्येक मालाला वेगळ्या चालीने.

काय बिघडलं

सकाळी बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या होत्या. म्हणून काकांनी वायरवालं मशीन घेतलं आणि पहिल्या सिंकपासून सुरुवात केली. सिंक टेबलावर नुसता ठेवलेला होता, नळाच्या जागेखाली पोकळ. ३५ चा कप आर्बरवर (कप मशीनला जोडणारा दांडा) चढवला, मध्ये पायलट ड्रिल (कपाला मध्यावर धरणारं बारीक ड्रिल), सेंटर पंचाची खूण, आणि ट्रिगर.

पायलट पत्र्यातून आरपार गेला तसा कप धाडकन पत्र्यावर आपटला. त्यावेळी कोणी लक्ष दिलं नाही. नंतर पाहिलं तर तिथेच दोन दात्यांचे टवके उडाले होते. पुढचं अर्धं मिनिट खोलीत नुसती किंकाळी. पाट्यावर खिळा घासावा तसा आवाज, मग धूर, मग पत्र्यावर निळी-तपकिरी रिंग. काकांनी अंगाचा भार टाकला. पत्रा खाली दबला, भार काढला की परत वर. कापल्याचा म्हणून जो कीस पडायला हवा, छोट्या कुरळ्या चिपा, त्या कुठेच नव्हत्या. पडत होती ती काळपट भुकटी. पायलटचं भोक एव्हाना हिसक्यांनी सैल झालं होतं, त्यामुळे कप एकदा सटकला आणि पत्र्यावर चंद्रकोरीसारखा ओरखडा उठवून परत जागेवर आला.

कप उचलून पाहिला. दात्यांची टोकं गोल झाली होती, बोट फिरवलं तर टोचत नव्हतं. पत्र्यावर आरशासारखी चकचकीत खाच, अर्ध्या जाडीपर्यंत गेलेली.

"डब्यातला माल हलका आहे, साहेब," काका म्हणाले. "दुसरा लावू."

मी हो म्हणालो. माझी चूक ती हीच.

कप आर्बरवरून निघेना. ३२ मिमीपासून वरच्या कपांना आर्बरच्या दोन पिना कपाच्या बुडातल्या भोकांत बसवायच्या असतात, म्हणजे फिरवण्याचा जोर पिनांवर येतो आणि आटे मोकळे राहतात. आमच्या घाईत पिना बसवल्याच नव्हत्या. सगळा जोर आट्यांवर आला आणि कप गच्च आवळला गेला. व्हाइसमध्ये धरून पाना लावून सोडवायला वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत आम्ही तिघांनी कपाला शिव्या दिल्या. पहिला का जळला याचा विचार एकानेही केला नाही.

दुसरा ३५ चा कप, नवाकोरा, त्याच मशीनवर, त्याच खाचेत. पंधरा सेकंदांत तोही गेला.

"काका, हा पण जळला," मुलगा म्हणाला. त्याला ते दिसत होतं, आम्हालाही दिसत होतं. तोवर आमच्या लेखी दोष हत्याराचाच होता.

सिंक बाजूला ठेवून मी मुलाला पार्टिशनचं ११४ चं भोक करायला सांगितलं. लाकूडच आहे, सोपं काम, असा हिशोब. मशीन तेच. बाजूचं हँडल डब्यातच राहिलेलं. हात दुखू नये म्हणून त्याने ट्रिगरचं लॉक-बटण दाबून ठेवलं होतं. प्लाय अर्धं कापेपर्यंत जळक्या लाकडाचा वास सुटला, खाच भुशाने गच्च झाली, आणि कप किंचित तिरका होऊन अडकला. कप थांबला, पण मशीन थांबलं नाही. कप फिरत नाही म्हटल्यावर मशीनच मुलाच्या मनगटासकट फिरलं. लॉकमुळे ट्रिगर सोडूनही काही होईना. काकांनी प्लग उपटला तेव्हा ते थांबलं.

मनगट मुरगळलं. हाड सुदैवाने शाबूत निघालं, पण मुलगा आठवडाभर कामावर येऊ शकला नाही. दुपारी बाराच्या आत आमची कमाई ही: शून्य पूर्ण भोकं, दोन मेलेले कप, एक बिघडलेला सिंक, एक जायबंदी माणूस. मी काम थांबवलं.

खरं कारण काय होतं

दुपारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ३५ मिमी कपाचा घेर सुमारे ११० मिमी. मशीन अर्ध्या ट्रिगरला १२०० फेरे करत होतं असं धरलं, तरी दात्याचा वेग मिनिटाला १३० मीटरच्या पुढे जातो. हायस्पीड स्टीलच्या दात्याला साध्या लोखंडात मिनिटाला २५ ते ३० मीटर झेपतात, स्टेनलेसमध्ये त्याच्या निम्मे. म्हणजे ३५ च्या कपाला स्टेनलेसवर मिनिटाला सव्वाशेच्या आसपास फेरे हवेत. आम्ही दहापट वेगाने पळवत होतो.

साध्या लोखंडात ही चूक थोडी तरी खपते. स्टेनलेसमध्ये अजिबात खपत नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक, सिंकला वापरतात तो ३०४ ग्रेडचा पत्रा उष्णता फार सावकाश वाहून नेतो, साध्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांशच. घर्षणाची आग पत्र्यात पसरत नाही, दात्याच्या टोकाशीच साठते, आणि दाता आपलं पाणी, म्हणजे कडकपणा, गमावतो. दोन, हा धातू दाबला, रगडला की जागच्या जागी कडक होतो. दाता जर पत्रा कापत असेल तर कडक झालेला थर चिपेबरोबर निघून जातो. पण दाता नुसता घासत असेल तर प्रत्येक फेरीला तो पुढच्या फेरीसाठी रस्ता आणखी कडक करून ठेवतो. आमची चकचकीत खाच म्हणजे हाच थर. नवा कप त्या खाचेत घालणं म्हणजे नवा सुरा दगडावर घासणं. दुसऱ्या कपाचा काहीच दोष नव्हता.

त्यात खालून आधार नाही. पत्रा स्प्रिंगसारखा लवत होता, म्हणजे काकांनी टाकलेला भार दात्यांपर्यंत पोचतच नव्हता. ते जितका जोर लावत तितका पत्रा वाकत होता.

प्लायमध्ये कारण वेगळं, मूळ तेच. ११४ चा कप हजार फेऱ्यांवर म्हणजे दात्याचा वेग मिनिटाला साडेतीनशे मीटरच्या वर. लाकडाला वेग चालतो, पण होल सॉला भुसा बाहेर टाकायला वाटच नसते. ड्रिल बिटाला नागमोडी खोबणी असतात, कप नुसता बंद डबा. खाचेत अडकलेला भुसा दोन्ही बाजूंनी घासतो, जळतो, फुगतो आणि कपाला पकडतो. मोठा कप अडकला की तो जोर मनगटाला पेलण्याच्या पलीकडचा असतो.

पर्याय

पहिल्या सिंकचं काय करायचं यावर बराच खल झाला. सिंक बदलणं हा पर्याय होताच, पण सुस्थितीतला सिंक एका खाचेपायी भंगारात काढायला मन घेईना.

पत्रा पालथा करून मागून कापायचं, असं काकांनी सुचवलं. कल्पना वाईट नाही, मागची बाजू कडक झालेली नव्हती. पण १ मिमी पत्र्यात खाच निम्म्यापर्यंत आलेली. मागून आलेला कप शेवटच्या टप्प्यात त्याच कडक थरावर आपटला असता, आणि तोही अगदी पातळ, थरथरणाऱ्या कडेवर.

स्टेप ड्रिल, म्हणजे पायऱ्यांचा शंकू. पातळ पत्र्याला हे फार छान हत्यार आहे, भोक गोल आणि स्वच्छ येतं. आमच्याकडचं ३२ मिमीवर संपत होतं. तीन मिमी कानसीने वाढवता आले असते, पण कडक झालेली खाच नेमकी त्या तीन मिमीच्या बाहेरच्या कडेला होती.

पंच-आणि-डाय. मध्ये एक भोक पाडून त्यातून बोल्ट घालायचा, वर डाय, खाली पंच, आणि बोल्ट आवळत गेलं की पत्रा कात्रीसारखा कापला जातो. उष्णता नाही, ठिणगी नाही, कीस नाही. पॅनलवाले हेच वापरतात. माझं मत विचाराल तर पातळ स्टेनलेसच्या भोकासाठी हाच सगळ्यात सभ्य मार्ग. पण स्टेनलेसला झेपेल असा ३५ चा सेट मिळवायला दोन दिवस लागणार होते.

चौथा पर्याय कार्बाइडचे दाते लावलेला होल सॉ. कार्बाइडला तो कडक थर जड जात नाही आणि उष्णतेनेही तो लवकर मऊ पडत नाही. पण तो ठिसूळ आहे. तिरका धरला, हिसका बसला की दात्याचा तुकडा पडतो. म्हणजे हा कप वापरायचा तर हात स्थिर हवा, पत्रा स्थिर हवा. तो दुसऱ्या दिवशी मिळणार होता.

आम्ही चौथा निवडला. त्याचबरोबर एक गोष्ट मी मुद्दाम ठरवली: दुसरा सिंक कार्बाइडने कापायचा नाही. तो डब्यातल्याच बायमेटल कपाने कापायचा, फक्त बरोबर वेगाने. दोन्ही सिंकना कार्बाइड वापरून काम झालं असतं, तर 'डब्यातला माल हलका' हीच समजूत पक्की झाली असती, आणि पुढच्या कामावर पुन्हा तेच घडलं असतं. डब्यात ३५ चा एकच कप उरला होता. तोही जळाला असता तर माझा हिशोब चुकला असं मान्य करायला मी तयार होतो.

काय केलं

आधी वेग मोजायची सोय केली. वेगमापक आमच्याकडे नव्हता. काकांनी कपाच्या अंगावर पांढऱ्या रंगाचा एक उभा पट्टा ओढला. मिनिटाला १२० फेरे म्हणजे सेकंदाला दोन. बॅटरीचं ड्रिल पहिल्या गिअरला टाकून ट्रिगर हळूहळू दाबत गेलो आणि घड्याळाच्या काट्याबरोबर मोजलं, एक-दोन, एक-दोन. पट्टा डोळ्यांना वेगळा दिसत राहतो तोवर वेग ठीक. तो पुसट होऊन कपाभोवती राखाडी धूसर दिसायला लागलं की जास्त झाला. दोन मिनिटांत हाताला सवय झाली. "एवढं हळू?" असं काका तीनदा म्हणाले.

दुसरा सिंक पालथा न घालता सरळच ठेवला, पण नळाच्या जागेखाली प्लायचे तुकडे रचून पत्रा घट्ट टेकवला आणि क्लॅम्पने आवळला. पायलटचं भोक आधी वेगळ्या ड्रिलने पाडून घेतलं. मग आर्बरमधला पायलट काढून त्याच्या जागी तेवढ्याच जाडीची, ६.३५ मिमीची गुळगुळीत सळई बसवली. ही युक्ती काकांचीच, त्यांना कुठल्याशा जुन्या वर्कशॉपमध्ये पाहिलेली आठवली. सळईला धार नसते, त्यामुळे ती भोक सैल करत नाही आणि कप मध्यावरून ढळत नाही. शिवाय पायलट आरपार जाताना कप आपटण्याचा प्रश्नच उरत नाही. कप हाताने पत्र्यावर टेकवायचा आणि मगच फिरवायचा.

कटिंग ऑइलचे थेंब, सेकंदाला दोन फेरे, आणि सलग, न थांबणारा दाब. स्टेनलेसमध्ये एक तर कापायचं नाहीतर कप पूर्ण उचलायचा; वर नुसता फिरत ठेवायचा नाही. सुरुवातीला कप चौफेर टेकला आहे का हे काका वाकून पाहत होते, कारण तिरक्या कपाचे दोनच दाते सगळं काम करतात आणि तेच आधी मरतात. आवाज यावेळी किंचाळण्याचा नव्हता. कुरकुर, जाड भाकरीचा तुकडा मोडल्यासारखी, आणि तेलात भिजलेल्या बारीक, चंदेरी, कुरळ्या चिपा. दोन मिनिटांच्या आत चकती सुटली. हात लावला तर कोमट. कपाचे दाते भिंगाखाली पाहिले, टोकं शाबूत.

काका काही बोलले नाहीत. चकती खिशात टाकली आणि पुढच्या कामाला लागले.

पहिल्या सिंकला कार्बाइडचा कप लावला, डब्यावर छापलेल्या वेगाच्या खालच्या टोकाला, तोच आधार, तेच तेल. जुन्या खाचेवर सुरुवातीला थोडं करकरलं, मग गेला. दोन्ही भोकांची धार अर्धगोल कानसीने मारली. स्टेनलेसची ती धार वस्तऱ्यासारखी असते, आणि नळ बसवताना बोटं नेमकी तिथूनच आत जातात.

पार्टिशनसाठी पद्धतच बदलली. ११४ चं वर्तुळ आखून, त्या रेषेला आतून चिकटून १० मिमीची दोन आरपार भोकं आधी पाडली. कप फिरताना खाचेतला भुसा या भोकांत पडतो आणि बाहेर जातो. ही भोकं काढून टाकायच्या चकतीतच येतात, त्यामुळे कामाला डाग लागत नाही. एवढ्या छोट्या गोष्टीने धूर पूर्ण बंद झाला. पायलट पलीकडे निघाला तसं निम्म्यावर थांबून दुसऱ्या बाजूने कापलं. त्यामुळे प्लायचा शेवटचा पापुद्रा उचकटत नाही, आणि चकती दुसऱ्या बाजूने निम्मी बाहेर राहत असल्याने हाताने ओढून काढता येते. एका बाजूनेच पूर्ण कापलं की ती कपात रुतून बसते आणि मग स्क्रूड्रायव्हरने खरवडत बसावं लागतं. हे भोक काकांनी केलं: पहिला गिअर, क्लच (जोर फार वाढला की फिरणं सोडून देणारी सोय) लावलेला, बाजूचं हँडल बसवलेलं आणि ते पार्टिशनच्या उभ्या चौकटीला टेकलेलं. कप अडकलाच तर हिसका चौकट खाईल, मनगट नाही.

टेबलांच्या फळ्याही दोन्हीकडून कापल्या. ३६ मिमी जाडी आणि कपाची खोली ३८, म्हणजे एका बाजूने जेमतेम जमलं असतं. पण सनमायका खालून दात बाहेर येताना टवके टाकतो, म्हणून सुरुवात सनमायक्याच्या बाजूने, अगदी सावकाश. चारही भोकं अर्ध्या तासात झाली. त्यावर जास्त सांगण्यासारखं काही नाही.

पॅनलचं भोक हा खरा कोड्याचा भाग होता. जिथे आधीच ५१ चं भोक आहे तिथे पायलटला धरायला पत्राच नाही, आणि पायलटशिवाय होल सॉ पत्र्यावर बर्फावर पाय घसरावा तसा नाचतो. एकाच आर्बरवर लहान आणि मोठा असे दोन कप चढवतात, लहान कप जुन्या भोकात बसून वाट दाखवतो. आमच्या आर्बरचे आटे त्याला पुरत नव्हते. मग १२ मिमी प्लायच्या तुकड्यात ६४ चं भोक पाडलं, तो तुकडा पॅनलवर जुन्या भोकाशी मध्य जुळवून दोन क्लॅम्पनी आवळला, आणि आर्बरमधला पायलट काढून कप त्या प्लायच्या भोकातून चालवला. प्लायच्या भिंतीच कपाला सांभाळतात. मध्य जुळवायला जुन्या भोकात लाकडाची पट्टी ठोकून त्यावर केंद्र काढलं आणि कंपासने ६४ ची रेघ पत्र्यावर ओढली. साधं लोखंड, तेल, मिनिटाला १३५ च्या आसपास फेरे. पॅनल अजून रिकामं होतं हे नशीब. आत वायरिंग असतं तर मी ते भोक जागेवर करू दिलं नसतं, कारण लोखंडी चिप कुठल्या टर्मिनलवर जाऊन बसेल याचा नेम नाही. कापलेल्या कडेला गंजरोधक रंग आणि वर रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रिंग.

भिंत सगळ्यात शेवटी. टाइलला ६८ मिमीचा हिऱ्याच्या कणांचा कप. त्याला दाते नसतात, कापणं म्हणजे घासणंच, त्यामुळे पाणी सतत हवं आणि दाब हलका. हॅमर मोड बंद. तो चुकून चालू राहिला तर टाइल पहिल्या ठोक्यालाच तडकते. पायलट नसल्याने कप तिरका धरून आधी चंद्रकोरीएवढी खाच केली, मग हळूहळू सरळ केला. पाणी असल्यामुळे बॅटरीचंच मशीन. टाइल पार झाल्यावर मागच्या विटांना कार्बाइड दात्यांचा ६५ चा कोअर कटर लावला. टाइलचं भोक तीन मिमी मोठं ठेवलं होतं ते याचसाठी, कोअर कटर जाता-येता टाइलच्या कडेला लागू नये म्हणून.

निकाल

नऊ भोकं झाली, पण एका दिवसात नाही, तिसऱ्या दिवशी दुपारी. प्रत्यक्ष कापण्याचा वेळ सगळा मिळून तीन तासांच्या आत होता. उरलेला वेळ गेला बिघडवण्यात, वाट पाहण्यात आणि आधार-क्लॅम्प रचण्यात. दुसऱ्या सिंकचा बायमेटल कप अजून वापरात आहे. मुलगा आठवड्याने परत आला.

काकांबद्दल एक नोंद करायला हवी. वेगाचा हिशोब त्यांना माहीत नव्हता असं नाही. ड्रिल प्रेसवर, म्हणजे स्टँडवर बसवलेल्या ड्रिलवर, काम करताना ते मशीनचा पुलीवरचा पट्टा बदलून वेग उतरवतातच. हातातल्या मशीनला मात्र ट्रिगर असतो, आकडा नसतो, आणि आकडा दिसत नाही तिथे माणूस कानावर आणि जोरावर चालतो. त्यात बॅटरी चार्जिंगला होती. ती सकाळी तयार असती तर यातलं निम्मं प्रकरण घडलंच नसतं, असं मला अजूनही वाटतं.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात मोठा निर्णय घ्यायचा क्षण कप जळण्याचा नव्हता, दुसरा कप मागितला गेला तो होता. पहिला कप जळतो, ते कोणाकडूनही होतं. पण कीस पडत नाहीये, भुकटी पडतेय, खाच चमकतेय, ही तीन लक्षणं समोर होती आणि त्यातलं एकही लक्षण कपाच्या दर्जाबद्दल नव्हतं. मी तेव्हा एवढंच विचारायला हवं होतं, "काका, चिप कुठाय?" आता आम्ही लोखंडात दहा सेकंदांत चिप दिसली नाही तर मशीन उचलतो आणि कप बदलण्याआधी वेग, आधार, तेल या क्रमाने पाहतो.

मुलाला ११४ चा कप देणं हा दुसरा. 'लाकूडच आहे' म्हणताना मी मालाचा विचार केला, व्यासाचा केला नाही. हिसक्याचा जोर व्यासाबरोबर वाढतो. ३५ च्या कपाने जे नुसतं हलतं ते ११४ च्या कपाने हात फिरवतं. आता ५० च्या वरचा कप असेल तर बाजूचं हँडल लागल्याशिवाय मशीनला प्लग लागत नाही, आणि लॉक-बटणाच्या खोबणीत आम्ही सरळ रबराचा तुकडा कोंबून टाकलाय. बॅटरीवाल्या मशीनला ते बटणच नाही, हे तिचं आणखी एक मोल.

एका बाबतीत माझं मत अजून पक्कं नाही. कार्बाइडच्या कपापेक्षा दोन दिवस थांबून पंच-डाय आणायला हवा होता का? काका म्हणतात हवा होता. पत्रा १ मिमीचा, भोकं दोन, आणि पंचाने आलेली कड कानसीशिवायच स्वच्छ असते. मी घाईत होतो. पॅनलचा पत्रा जाड, १० मिमीच्या पुढचा असता तर होल सॉ मी मुळातच काढला नसता. तिथे चुंबकी स्टँडवरचं ड्रिल आणि अॅन्युलर कटर, म्हणजे जाड लोखंडासाठीचा नळीसारखा पोकळ कटरच हवा. पण सिंकच्या बाबतीत काकांचं बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे.

वेगाचा तक्ता काकांनी स्वतःच्या हाताने होल सॉच्या डब्याच्या झाकणाला आतून लिहून ठेवला. ३५ ला लोखंडात २५०, स्टेनलेसमध्ये १२५. ५१ ला १७० आणि ८५. ६४ ला १३५ आणि ६५. खाली कंसात: 'पट्टा दिसला पाहिजे.'

पहिल्या सिंकवर नळाच्या बुडाबाहेर तो चंद्रकोरीसारखा ओरखडा मात्र राहिला. दोनदा पॉलिश मारून पाहिलं. समोरून दिसत नाही, पण खिडकीतला उजेड तिरका आला की दिसतोच.